अमेरिकन स्ट्रेट व्हिस्की : लेबलवर काय वाचाल, किती पैसे मोजाल

अमेरिकेतल्या दारूच्या दुकानात व्हिस्कीची अख्खी भिंत असते. बारा डॉलरपासून दोनशे डॉलरपर्यंत बाटल्या एकाच रांगेत, आणि प्रत्येकीवर घोडे, आजोबांचे फोटो, सोनेरी सह्या. यातलं जवळजवळ काहीच वाचायची गरज नाही. बारीक अक्षरात 'स्ट्रेट' हा शब्द आहे का, ते आधी पाहा. तो असेल तर त्यामागे अमेरिकेचा केंद्रीय कायदा उभा आहे. नसेल तर पैसे काढण्याआधी बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा.

'स्ट्रेट' लिहायचं असेल तर उत्पादकाला हे सगळं पाळावं लागतं : दारू धान्याचीच हवी. गाळताना ती ८० टक्क्यांपेक्षा तीव्र होता कामा नये, कारण त्यापुढे धान्याची चव उडत जाते. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. पिंप ओकचं, कोरं आणि आतून भाजून काळं केलेलं लागतं. (फक्त मक्याच्या 'कॉर्न व्हिस्की'ला वापरलेलं किंवा न भाजलेलं पिंप चालतं.) त्या पिंपात किमान दोन वर्षं मुरायला हवी. नंतर पाण्याशिवाय काहीही घालता येत नाही : रंग नाही, साखर नाही, वास नाही. बाटलीतली तीव्रता किमान ४० टक्के.

एक गैरसमज इथेच दूर करा. भेसळ नाही म्हणजे एकाच पिंपातली, असं नाही. एकाच राज्यात तयार झालेल्या, एकाच प्रकारच्या शंभर पिंपांमधला माल एकत्र केला तरी ती स्ट्रेटच राहते. वेगवेगळ्या राज्यांतल्या स्ट्रेट व्हिस्की एकत्र केल्या तर लेबलवर 'ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स' अशा धर्तीचे शब्द येतात. ते पाहून बाटली परत ठेवू नका. न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ बेचव अल्कोहोल, त्यातही नसतं.

जपायचं ते नुसत्या 'ब्लेंडेड व्हिस्की' किंवा 'अमेरिकन ब्लेंडेड व्हिस्की' या शब्दांपासून. सीग्रॅम्स सेव्हन क्राऊन आणि केसलर या त्या वर्गातल्या ओळखीच्या बाटल्या. या प्रकारात स्ट्रेट व्हिस्की फक्त २० टक्के असली तरी कायद्याला पुरे. बाकी न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र गाळलेला, चव जवळजवळ न उरलेला अल्कोहोल. त्याचं प्रमाण लेबलवर छापणं बंधनकारक आहे आणि ते बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतं. ही बाटली बारा-पंधरा डॉलरला मिळते. पण दोन-तीन डॉलर जास्त टाकले की चार वर्षं मुरलेली स्ट्रेट बर्बन हातात येते, त्यामुळे या बचतीत मला अर्थ दिसत नाही.

वयाचा आकडा वाचायचीही एक किल्ली आहे. स्ट्रेट व्हिस्की चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर वय छापावंच लागतं. म्हणून लेबलवर वय नसलेली स्ट्रेट बाटली किमान चार वर्षांची असते. उलट साठ डॉलरच्या देखण्या बाटलीच्या मागे कोपऱ्यात 'किमान २४ महिने' असं सापडलं, तर तुम्ही बाटलीच्या काचेचे पैसे देताय. छापलेलं वय मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. आणि त्याची तुलना स्कॉचच्या बारा वर्षांशी करू नका. केंटकीचा उन्हाळा कडक असतो, पिंप कोरं असतं, लाकूड लवकर उतरतं. सहा ते आठ वर्षांची बर्बन भरपूर मुरलेली असते. पंधरा वर्षांपुढे कित्येक बाटल्यांमध्ये लाकडाचा कडवटपणा वर येतो आणि किंमत मात्र चौपट होते.

आता एक लेबल जवळून वाचू. रिटनहाउस राय घ्या. पुढे लिहिलंय 'स्ट्रेट राय व्हिस्की'. म्हणजे किमान ५१ टक्के राय हे धान्य, वर सांगितलेल्या सगळ्या अटी, भेसळ नाही. खाली '१०० प्रूफ'. प्रूफचा निम्मा आकडा म्हणजे टक्के, तेव्हा ५० टक्के. वय दिलेलं नाही. पण 'बॉटल्ड इन बाँड' आहे, आणि हा शिक्का १८९७ च्या कायद्याने मिळतो : एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं, बाटलीत बरोबर ५० टक्के. डिस्टिलरी कोणती तेही कळायला हवं, म्हणून 'डीएसपी' आणि पुढे राज्याची अक्षरं व क्रमांक असतो. डीएसपी-केवाय-१ म्हणजे लुइव्हिल इथला हेवन हिल कंपनीचा कारखाना. एवढी हमी देणारी ही बाटली बहुतेक राज्यांत कराआधी तीस डॉलरच्या आसपास मिळते. माझं स्पष्ट मत आहे की तीस डॉलरच्या आत 'बॉटल्ड इन बाँड'पेक्षा भरवशाचा शिक्का अमेरिकन व्हिस्कीत दुसरा नाही.

आता ज्या शब्दांना कायद्यात व्याख्याच नाही ते शब्द : 'स्मॉल बॅच', 'हँडमेड', 'क्राफ्ट', 'रिझर्व्ह'. यांच्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. 'फिनिश्ड इन' अमुक पिंप, म्हणजे पोर्ट किंवा रमच्या पिंपात शेवटचे काही महिने ठेवलेली : चव आवडत असेल तर घ्या, पण ती आता शुद्ध स्ट्रेटच्या वर्गात राहत नाही. मध, दालचिनी, सफरचंद असं काही लिहिलं असेल तर ती फ्लेवर्ड व्हिस्की. तीव्रता ३५ किंवा ३३ टक्के दिसली की समजा, ती व्हिस्कीच्या व्याख्येतच बसत नाही.

'डिस्टिल्ड बाय' आणि 'बॉटल्ड बाय' यांतला फरकही पाहा. दुसऱ्याच्या कारखान्यातून तयार माल घेऊन स्वतःचं नाव लावणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या एकाच मोठ्या कारखान्यातून अनेक नावांच्या राय व्हिस्की निघाल्या आहेत. माल वाईट असतो असं नाही, बऱ्याचदा उत्तमच असतो. पण पत्ता एका राज्याचा आणि गाळप दुसऱ्या राज्यातलं असेल तर ते राज्य लेबलवर सांगणं सक्तीचं आहे. टेम्पल्टन राय आयोवाच्या नावावर विकली जात होती आणि माल इंडियानाचा होता. २०१५ मध्ये कंपनीने खटला तडजोडीने मिटवला आणि ग्राहकांना पैसे परत द्यायचं मान्य केलं. पावती दाखवणाऱ्यांसाठी रक्कम जास्त होती. पावती जपा. शंका असेल तर अमेरिकेच्या टीटीबी या खात्याच्या संकेतस्थळावर मंजूर लेबलांची नोंद फुकट शोधता येते.

कोणती घ्यायची

धान्यावरून ठरवा. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो : गोडसर, व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास. राय तिखट, मिऱ्याकडे झुकणारी, सोड्याबरोबर किंवा कॉकटेलमध्ये उठून दिसणारी. मेकर्स मार्कसारख्या बर्बनमध्ये रायच्या जागी गहू असतो, ती मऊ लागते. घरात प्रथमच बर्बन पिणारं कोणी असेल तर तिथून सुरुवात करा. टेनेसी व्हिस्की, म्हणजे जॅक डॅनियल्स वगैरे, बर्बनच्याच अटी पाळते आणि त्यावर शुगर मेपलच्या कोळशातून गाळली जाते. कॉर्न व्हिस्कीत मका किमान ८० टक्के.

किमती कराआधीच्या आणि ७५० मिलीच्या धरा. राज्यागणिक दोन-चार डॉलर इकडेतिकडे होतील. पंधरा ते वीस डॉलर : एव्हन विल्यम्सची काळ्या लेबलची बाटली, जिम बीमची पांढरी. दोन्ही स्ट्रेट. वीस ते तीस : फोर रोझेस, वाइल्ड टर्की १०१, मेकर्स मार्क, एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची 'बॉटल्ड इन बाँड', मिळाली तर बफलो ट्रेस. पस्तीस ते चाळीस : वुडफर्ड रिझर्व्ह. घरी पिण्यासाठी यापुढे जायचं कारण फार कमी वेळा पडतं. कॉस्टको या सभासदांसाठीच्या साखळी दुकानाच्या घरच्या ब्रँडची बर्बन एक लिटरच्या बाटलीत येते आणि तिच्यावर बार्टन या डिस्टिलरीचं नाव छापलेलं असतं. लिटरमागे हिशेब केला तर ती बहुतेकांना हरवते. काही राज्यांत दारू घ्यायला कॉस्टकोचं सभासदत्व लागत नाही, दारावर विचारा.

एक लिटर, ७५० मिली, ७०० मिली अशा सगळ्या मापांत बाटल्या येतात. ७०० मिलीला २०२० च्या अखेरीपासून तिथे रीतसर परवानगी आहे. ती उंचीला तेवढीच दिसते आणि ५० मिली कमी देते. भाव नेहमी लिटरमागे काढा. तीस डॉलरला ७५० मिली म्हणजे लिटरला चाळीस.

दुकानात : कधी, कुठे, कोणती कागदपत्रं

वय २१ पूर्ण हवं, अपवाद नाही. वयाचा पुरावा केस पांढरे असले तरी मागतात. भारतातून आलेल्यांनी पासपोर्टच न्यावा. आधार चालत नाही आणि भारतीय वाहन परवाना बरेच दुकानदार नाकारतात. बरोबरच्या सगळ्यांचं ओळखपत्र मागणारीही दुकानं आहेत, म्हणून २१ च्या आतल्या मुलांना गाडीजवळ कोणा मोठ्यांबरोबर थांबवा.

कॅलिफोर्नियात किराणा दुकानातही व्हिस्की मिळते. टेक्सास आणि न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी वेगळं लिकर स्टोअर शोधावं लागतं. टेक्सासमध्ये ही दुकानं रविवारी बंद, इतर दिवशी सकाळी दहा ते रात्री नऊ. डॅलस-ह्यूस्टनला नातेवाइकांकडे शनिवारी रात्री उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, ओहायो अशा राज्यांत विक्री किंवा किंमत सरकारच्या ताब्यात असते, घासाघीस नाही.

फसगत होते ती फळीवरच्या किमतीत. भारतात एमआरपी म्हणजे सगळं आलं. तिथे तसं नाही. सर्वांत मोठा झटका वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंडला बसतो, आणि तिथे मराठी घरं भरपूर आहेत. फळीवरच्या किमतीवर २०.५ टक्के कर, शिवाय लिटरमागे ३.७७ डॉलरचा वेगळा कर. तीस डॉलरची ७५० मिली बाटली घ्या : ६.१५ अधिक २.८३, बिल ३८.९८. पंधरा डॉलरच्या बाटलीचं बिल २०.९१, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के वाढ. लिटरचा कर ठरलेला असल्याने स्वस्त बाटलीवर तो जास्त बोचतो. काही दुकानं कर धरलेली किंमत खाली बारीक छापतात, तीच वाचा.

पेन्सिल्व्हेनियात १९३६ च्या जॉन्सटाउनच्या पुरानंतर लावलेला तात्पुरता कर आजही चालू आहे. तो आता १८ टक्के आहे आणि किमतीत मिसळलेला असतो. वर सहा टक्के विक्रीकर बिलात दिसतो. शेजारच्या डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही, पण तिथून बाटल्या भरून पेन्सिल्व्हेनियात आणणं कायद्यात बसत नाही. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. कॅलिफोर्नियात स्थानिक विक्रीकर आणि २०२४ पासून मोठ्या बाटलीमागे दहा सेंट अनामत, ती रिकामी बाटली केंद्रावर दिली की परत मिळते. न्यू हॅम्पशरमध्ये विक्रीकर नाही, राज्याची मोठी दुकानं हमरस्त्यावरच आहेत, फळीवरचीच किंमत बिलात येते. केंद्राचा उत्पादन कर, ४० टक्क्यांच्या ७५० मिलीला सुमारे २.१४ डॉलर, सगळीकडे किमतीत आधीच धरलेला असतो.

भारतीय कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपयांत की डॉलरमध्ये' विचारतं. डॉलरच निवडा. रुपये निवडलेत तर भाव दुकानदाराची बँक ठरवते. बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतोच, तो कार्ड घेण्याआधी तपासा.

बारमध्ये नाव घेऊन मागा. नुसतं 'व्हिस्की सोडा' म्हटलंत की हाताशी असलेली सर्वांत स्वस्त बाटली ओतली जाते, आणि ती स्ट्रेट असेलच असं नाही. बर्फ-सोड्याशिवाय मागितली तर माप मोठं म्हणून दोन-तीन डॉलर वाढवणारे बार आहेत. आधी विचारा. मेन्यूवरचे १४ डॉलर कर आणि टिप धरून १८ च्या आसपास जातात.

ब्लँटन्स, पॅपी व्हॅन विंकल अशी नावं काचेच्या कपाटात दिसतील. उत्पादकाने सुचवलेल्या किमतीच्या दुपटीने, कधी दसपटीने. ही टंचाईची किंमत आहे, चवीची नाही. ओळखीतून, फोनवरच्या गटातून किंवा पार्किंगमध्ये बाटली विकणाऱ्याकडून मुळीच घेऊ नका. बहुतेक राज्यांत ती विक्री बेकायदा आहे आणि महागड्या नावांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात. 'ही हवी तर त्या तीनही घ्या' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

फोडलेली बाटली गाडीत मागच्या डिकीतच ठेवा. अमेरिकेच्या टपालाने दारू पाठवता येत नाही, मित्राला भेट म्हणूनही नाही.

घरी आणताना

चेक-इन सामानात सीलबंद, दुकानाच्या मूळ बाटलीतच. २४ ते ७० टक्के तीव्रतेची दारू माणशी पाच लिटरपर्यंत विमानात चालते. ७० टक्क्यांच्या वरची अजिबात नाही. पिंपातून तशीच भरलेल्या काही बर्बन त्या रेषेच्या वर जातात, तेव्हा प्रूफ १४० च्या आत आहे ना ते पाहा.

पण विमान पाच लिटर नेऊ देतं म्हणून भारतीय कस्टम्स देत नाही. शुल्कमाफी माणशी दोन लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या दीड लिटर होतात, तिसरी घेतली की सव्वादोन. म्हणून आणायचीच तर एक लिटरच्या दोन आणा. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली बाटलीही याच दोन लिटरमध्ये मोजतात, वेगळी सवलत नाही. जास्त असेल तर रेड चॅनेलने जा, बिल दाखवा, शुल्क भरा आणि पावती घ्या. वाटेत विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी मुक्काम येईपर्यंत फोडू नका, पुढच्या तपासणीत बाटली काढून घेतात.

महाराष्ट्रातच विकत घेणार असाल तर किंमत अशी चढते : आयात शुल्क, मग राज्याचं उत्पादन शुल्क, मग व्हॅट. बर्बनवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० टक्के केलं गेलं. स्कॉचपेक्षा वेगळा दर तेव्हाच आला, म्हणून जुन्या किमतींशी ताडून पाहा. दुकानदार एमआरपीच्या वर 'कूलिंग' किंवा 'हाताळणी' म्हणून काही मागत असेल तर देऊ नका, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करा. बिल हवंच.

व्हिस्कीसाठी महाराष्ट्रात वय २५ पूर्ण लागतं. परवानाही लागतो : एक दिवसाचा पाच रुपयांना दुकानातच, वर्षाचा शंभर, आजन्म हजार रुपयांना. आजन्म परवाना ऑनलाइन निघतो. फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा आणि दलालाला पैसे देऊ नका. घरात चांगल्या बाटल्या ठेवणाऱ्याने तो काढावाच, कारण बाळगणं आणि नेणंही परवान्यातच येतं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडे सामानात बाटली नको. गोव्यातली बाटली बिलासकट आणली तरी तिच्यावर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं. सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर पकडलं तर बाटलीबरोबर गाडीही अडकते.

परमिट रूममध्ये दारूवर दहा टक्के व्हॅट लागतो, २०२३ आधी तो पाच होता. दारूवर जीएसटी नाही. जेवणाचा जीएसटी पूर्ण बिलावर लावलेला दिसला तर तिथेच दुरुस्त करून घ्या. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. मापातही सावध राहा. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्के असते. ५० टक्क्यांच्या बर्बनचा ६० मिलीचा पेग तिच्या ७० मिलीइतका भरतो. गाडी चालवणाऱ्यासाठी भारतात रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ८०. तिथली सवय इथे चालणार नाही.

घरी बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातो. निम्म्याखाली आली की वर्षभराच्या आत संपवा. आणि रिकामी झाल्यावर भंगारवाल्याला देण्याआधी लेबल पाण्याने काढा आणि झाकण मोडून टाका. आयात व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांना चांगला भाव मिळतो तो त्या पुन्हा भरून विकायला.